क्लचविना वरंध

"कुठला घाट?"

गिअरबॉक्सचं काम घेऊन येणाऱ्याला चाचांचा पहिला प्रश्न हाच. गाडी कुठली, बिघाड काय, ते नंतर. वरंध म्हटलं की ते मान डोलवायचे. पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणारा म्हटलं की पाना ठेवून हात पुसायचे. पुण्याचे एक गृहस्थ म्हणाले, "घाट वगैरे नाही हो, मी सपाटीवरच चालवतो." चाचा म्हणाले, "मंग महाडात आलाव कसे, उडून?"

त्यांचं गॅरेज आमच्या घरासमोरच होतं. तरुणपणी कुवेतमध्ये ऑटोमॅटिक गाड्या उघडून-जोडून ते परतले होते. मी माणसांशी फारसं बोलत नाही, पण इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे त्यांना कॅटलॉग वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. "हलू वाच गो, गेर पलून नाय जात," म्हणत ते डोळे मिटून ऐकायचे. तुम्ही पाहिलं असतंत तर झोपलेत असंच वाटलं असतं.

मग आमच्याच गाडीची वेळ आली. आजोबांची, गोल बॉनेटची हिरवी गाडी. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बाबांच्या डाव्या पायाला क्लच दाबवेना. गाडी विकायचं जवळजवळ ठरलंच होतं.

"पाय नाय चालत ना? मंग क्लचच काढू," चाचा म्हणाले. "ऑटोमॅटिक टाकू, ओव्हरड्राइव्हवाला."

"ओव्हरड्राइव्ह कशाला? हिचं वय बघा," बाबा म्हणाले.

"म्हणून तर! शेवटचा गेर तो. चाकं पलतात, इंजिन आरामात. म्हातारीला हायवेवर धाप नाय लागणार. घाटात बटन दाबून बंद करायचा."

बाबांचे डोळे असे चमकले की मी दुसरीकडे पाहिलं.

मुंबईच्या जुन्या बाजारात दोन गिअरबॉक्स मिळत होते. एक आखूड, नव्या पद्धतीचा. दुसरा लांब, जुन्या पद्धतीचा. चाचांना आखूड आवडला. त्यांनी पुठ्ठे कापून, गणपतीच्या मखरासारखे चिकटवून, त्याच मापाचा खोटा गिअरबॉक्स केला आणि गाडीखाली धरून पाहिला. तळाचा पत्रा थोडासाच कापावा लागणार होता.

कॅटलॉगचं शेवटचं पान मी घरी वाचलं. तो गिअरबॉक्स कम्प्युटरच्या हुकमावर गिअर बदलायचा. आमच्या गाडीत साधा रेडिओही नव्हता. पण चाचांची चूक काढणारी मी कोण? दोन दिवस कॅटलॉग परत नेलाच नाही.

तिसऱ्या दिवशी ते कटर घेऊन गाडीत शिरले. मी दारातच उभी.

"काय गो, तोंडात बोर धरलंस काय?"

मी एका दमात सगळं सांगून टाकलं. कटर बंद झाला. बाबांचा चेहरा उतरला. चाचा मात्र हसत सुटले. "कुवेतला सगळ्या गाड्यांत कम्प्युटर. हितं इचारायचंच राहून गेलं!" वेगळा कम्प्युटर बसवता आला असता. "पन वरंधात रुसला तर त्याला मनवायला कोन जाणार?" लांब गिअरबॉक्स तेलाच्या दाबावर आणि अ‍ॅक्सिलरेटरला जोडलेल्या एका केबलवर चालायचा. चाचांनी पुठ्ठ्याचं खोकं टराटरा फाडलं. "आता त्याचं माप वाच. जोरात वाच!"

पत्रा जास्त कापला, मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट आखूड केला, आणि एका सकाळी आम्ही तिघं पोलादपूरकडे निघालो. हायवेवर हलका झटका बसला. इंजिनचा आवाज एकदम उतरला.

"बंद पडली?" बाबा घाबरले.

"बंद कसली! ओव्हरड्राइव्ह लागला. दाबा शेट, दाबा!" चाचा मागून ओरडले. मी मोठ्याने हसले, माझं मलाच अनोळखी वाटेल असं.

चाचांना जाऊन आता वर्ष झालं. मला ते आठवतात त्याच दिवशीच्या वरंधच्या चढावर. घाट चढताना गाडीचा आवाज बाहेरून ऐकायला हवा म्हणून ते एका वळणावर उतरले. आम्ही खाली जाऊन, बटण दाबून ओव्हरड्राइव्ह बंद करून पुन्हा वर यायचं आणि त्यांच्यापाशी थांबायचं, असं ठरलं होतं. गाडी चढू लागली, एका लयीत, न अडखळता. चाचा कठड्याजवळ कानामागे हात धरून उभे होते. आम्ही जवळ आलो. बाबांनी अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचललाच नाही.

मी आरशात पाहिलं. चाचा दोन्ही हात उंचावून थांबा, थांबा करत होते. मग वळण येण्याआधी तेच हात जा, जा करू लागले.