सिनेमात नसलेली डोंगेवाली

रायपूर नुकतंच नव्या छत्तीसगडची राजधानी झालं होतं, तेव्हा बाबांची नागपूरहून इथल्या रेल्वे ऑफिसात बदली झाली. जिकडेतिकडे रस्ते खोदलेले, ऑफिसांवर नव्या पाट्या, आणि आम्हा दोघी बहिणींच्या ओळखीचं कुणीच नाही. त्या पहिल्या उन्हाळ्यात आईनं आम्हाला कूलरसमोर बसवून एक जाड इंग्रजी पुस्तक सांगितलं. बाबांना ते शाळेत बक्षीस मिळालं होतं. आई पानावरून नजर फिरवायची, पुस्तक मांडीवर पालथं ठेवायची आणि आपल्या बोलीत सुरू व्हायची. हरवलेल्या भावाला शोधायला राक्षसांच्या मुलखात निघालेल्या तीन बहिणींची ती गोष्ट.

त्यातली डोंगेवाली आमची सगळ्यात लाडकी. काळ्या नदीवर एकटी डोंगा वल्हवायची. ती पैसे घेत नसे. पलीकडे जायचं असेल तर आपल्याला कशाची भीती वाटते ते तिला खरंखरं सांगायचं. नव्या शाळेच्या पहिल्या दिवशी धाकटी रिक्षात डोळे मिटून पुटपुटत होती, ‘‘डोंगेवाली, मले कोणी खेळाले घेणार नाही, याची भीती वाटते.’’

पुढे काही वर्षांनी त्या पुस्तकावर सिनेमा आला, हिंदीत डब होऊन. धाकटी तोवर घरातसुद्धा हिंदीतच उत्तरं द्यायला लागली होती. आम्ही चौघं गेलो. आईनं पंडरीच्या बाजारातून घेतलेली नवी साडी नेसली होती. पडद्यावर जंगल आलं, राक्षस आले, काळी नदीही आली. धाकटी आईच्या कानाशी लागली, ‘‘डोंगेवाली कब आएगी?’’

‘‘येईन ती, थांब जरा,’’ आई म्हणाली. तीही खुर्चीत पुढे सरकून बसली होती.

एक मोठा पक्षी आला आणि तिघींना पाठीवर घेऊन नदीपार गेला. डोंगेवाली आलीच नाही.

‘‘काहून गाळली असन तिले?’’ आई घरी येईपर्यंत चिडलेली होती. बाबांनी पेटीतून पुस्तक काढून दिलं. आईनं नदीचं प्रकरण दोनदा वाचलं. त्यातही पक्षीच होता.

तिनं पुस्तक मांडीवर पालथं ठेवलं. मग हसायलाच लागली. ‘‘हे इंग्रजी मले तवा समजलं नसन. मंग मीच घातली असन तिले. अन् मलेच याद नाही!’’

‘‘मतलब, वो तुम्हारी है?’’ धाकटी तिच्याजवळ सरकली. मग किती तरी दिवसांनी मराठीत म्हणाली, ‘‘मंग पुढं काय झालं तिचं? तुलेच माहीत असन न?’’

आईनं क्षणभर विचार केला आणि तिथंच, साडीही न बदलता, सांगायला लागली.

ती गोष्ट मग रविवारी आमच्या पायऱ्यांवर चालू राहिली. पाऱ्यातली, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातली, पोरं जमायची. आई त्यांच्यासाठी अर्धी हिंदी बोलायची आणि पोरं ‘हव, हव’ करत ऐकायची. त्यातल्या एका मुलाची आई बालवाडी चालवत होती. तिनं विचारलं, ‘‘दीदी, हमारे यहाँ भी सुनाओगी?’’

आई आठवडाभर नाही-नाही म्हणत राहिली आणि मग गेली. पहिल्या दिवशी परत आली तेव्हा तिच्या पदराला खडूचे डाग होते. उन्हानं लाल झालेला चेहरा पुसत ती पंख्याखाली बसली आणि म्हणाली, ‘‘चहा ठेवा माह्यासाठी. उद्या बी बोलावलं मले.’’