बारा पिशव्या, एकच बांधी

बारा शेतांची माती मी एकाच बांधीतून भरली. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे लिहायचा धीर होणार नाही.

तेव्हा गोंडपिपरी तालुक्यात मातीचे नमुने गोळा करायचं काम माझ्याकडे होतं. एका शेतात आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डे घ्यायचे, सगळी माती घमेल्यात मिसळायची आणि त्यातली अर्धा किलो पिशवीत भरायची, असा नियम. शेतं जंगलाच्या कडेनं विखुरलेली. वाघ फिरतो आहे अशी बातमी होती, पण मला वाघापेक्षा ऊन जड गेलं. रस्त्यालगतच्या एका धानाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या भातखाचरात, मोहाच्या सावलीला बसून मी बारा पिशव्या भरल्या आणि वर बारा शेतकऱ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या लावल्या.

आमच्या मृदाशास्त्रज्ञ मॅडम गावातल्या बाया-पोरींना माती तपासायला शिकवत. "रोवणी तुम्ही करता, निंदण तुम्ही करता, मग मातीचा कागद दुसऱ्यानं का वाचून दाखवावा?" असं त्यांचं म्हणणं. माझ्या पिशव्या त्या वर्गातल्या पोरींनीच तपासल्या. बाराही अहवाल सारखे आले. बैठकीत आमचे तालुक्याचे साहेब म्हणाले, "पोरींच्या हाती यंत्र दिलं की असंच व्हायचं. वर्ग बंद करा."

मी मागच्या खुर्चीत होतो. बोललो नाही.

मॅडमनी आठवडाभराची मुदत मागून घेतली आणि अहवाल गावात नेऊन वाचले. मीही सोबत होतो. तलावात मासे धरणारी आणि टेकडीखाली वरडीचा, म्हणजे दगडाळ हलक्या जमिनीचा, तुकडा कसणारी एक बाई मध्येच हसली.

"माही वरडी अन् तलावाखालची काळी कन्हार माती सारखीच? मंग मी इतके वर्स शेणखत वाहून कायले मरून राह्यली?"

"मशीन बिघडली असन," कोणी पुरुष म्हणाला.

"मशीन नाई बिघडली, भाऊ. माती आननारा उन्हाले भ्याला."

सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची लाज अजून जात नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच बाया घमेली डोक्यावर घेऊन बाराही शेतांत फिरल्या. कुठली माती पाणी धरते, कुठे धान पिवळा पडतो, हे त्यांनी आधीच सांगितलं आणि मॅडमनी फळ्यावर लिहून ठेवलं. मग कार्यालयात पोरींनी साहेबांसमोर तपासणी केली. बारा शेतांचे बारा वेगळे निकाल आले, आणि फळ्यावरचं जवळजवळ सगळं खरं ठरलं. साहेबांनी फळा आणि अहवाल ताडून पाहिले. मग त्यांनी वर्ग चालू ठेवायच्या कागदावर सही केली. बाया ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभ्या राहून ओरडत गावी गेल्या.

पहिली माती कोणी आणली होती, हे मॅडमनी कधीच विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

गेल्या महिन्यात त्या गावात बायांची स्वतःची माती तपासणीची खोली उघडली. फीत त्याच वरडीवाल्या बाईनं कापली. तिची मुलगी आता मृदाशास्त्र शिकते. कात्री आईच्या हातात तिनंच दिली. टाळ्या थांबेनात. मॅडमनी मला 'जुने सहकारी' म्हणून बोलायला उभं केलं.

"त्या बारा पिशव्या मी भरल्या होत्या," मी म्हणालो. "एकाच बांधीतून. पोरी बरोबर होत्या, अन् मी गप्प बसलो."

 पुढून त्याच वरडीवाल्या बाईचा आवाज आला, "म्हंजे उन्हाले भ्यालेले तुमीच होय, भाऊ!"

"हो बाई, मीच," मी म्हणालो, आणि मॅडमकडे वळलो. "मॅडम, मले माफ करा."