जोडहोडीची बुचं

माकणीच्या धरणावर मासे धरणाऱ्यांच्या होड्या सोडल्या तर दुसरी होडी गावात कुणी बघितली नव्हती. त्यामुळं आमच्या दारात ट्रकातनं कॅटमरान उतरली तेव्हा अर्धी गल्ली गोळा झाली. फायबरच्या दोन लांबलचक, अरुंद होड्या, वरनं बंद. त्या आडव्या दांड्यांनी एकमेकींना जोडायच्या, मधे जाळी ताणायची आणि माणसानं जाळीवर बसायचं. शेजारच्या मामांनी टिचकी मारून विचारलं, "जनावरांना पाणी पाजायला आणल्या का? मग वरचं तोंड कापावं लागंल."

मी म्हटलं, "मामा, आधी आणणाऱ्याचं डोकं उघडून बघा, आत काय हाय ते."

सगळे हसले. आणणारे म्हणजे माझे मालक, तेही हसले.

लोक फौजेत जाऊन बंदूक शिकतात, हे शीड शिकले. पलटणीकडनं शर्यती मारायचे, असल्याच जोडहोडीवर. सुट्टीला आले की वाऱ्याच्या गप्पा. मला तेव्हा सणक यायची. इथं मी अंगणवाडी सांभाळून सासू-सासऱ्यांचं करतेय, बोअरला पाणी न्हाय, आणि हा माणूस मला समुद्र सांगतोय! रिटायर होऊन आले आणि त्या गप्पा आपोआप बंद झाल्या. मग उमरग्यात एका बँकेच्या दारात काही वर्षं राखणीला उभे राहिले. एक दिवस चहाची बशी हातात खडखडली, ती पुढं थांबलीच न्हाय.

सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, कंपवात आहे, गोळ्यांनी आवरतो, पण जात नाही. आणि निघताना म्हणाले, काही जणांचं पुढं पुढं विसरणंही वाढतं, तेवढं लक्ष ठेवा.

त्यानंतर पंधरा दिवसांत ही होडी आली. फौजेतल्या जुन्या सोबत्यानं फोन केला होता, भंगारात निघालीय म्हणून. मी तोंड सोडलं ते सोडलंच. यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एकदाच. हात पुरता जायच्या आधी, आपल्या धरणावर, शिडाचा दोर माझ्या हातात पायजे. मग खुशाल पेटवून दे तिला." दुसऱ्या दिवशी मीच अंगण झाडून होडीला जागा केली.

त्या साली धरण भरलं होतं. यांचा हिशोब सोपा होता. हिवाळ्यात डागडुजी, उन्हाळ्यात रंग, आणि आखाडात वारा सुटला की पाण्यात. तोवर धरणात पाणी टिकलं म्हणजे झालं.

काम मात्र सोपं नव्हतं. पॉलिशपेपरनं घासून घासून माझी बोटं सोलली. उमरग्याहून पाण्याच्या फायबर टाक्या करणारा एक जण आला आणि त्यानं चिरा कशा बुजवायच्या ते दाखवलं. राळेत औषध मिसळलं की चहा उकळेपर्यंत लावून झालं पाहिजे, नाहीतर डब्यातच दगड. यांचा हात हलायचा, म्हणून ब्रश माझ्याकडं आला. हे पाटावर बसून, "डावीकडं, अजून, आता सोड," असं सांगायचे आणि मी वैतागायचे. "एवढं कळतंय तर या की इकडं!" असं एकदा तोंडातनं निघून गेलं. तेव्हा मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. फाटकं शीड घेऊन मुरुमला मंडपवाल्याच्या शिंप्याकडं गेलो. यांनी त्याला एकच शिवण तीनदा उसवायला लावली. तो म्हणाला, "साहेब, लग्नाच्या मंडपाकडं एवढं कुणी बघत न्हाय."

आणि खरं सांगते, माझाच जीव जडला त्या होडीवर. चैत्रात दोन्ही होड्या अंगणात मांडून ठेवल्या, पांढऱ्याफेक. सुकाणू बसलं, डोलकाठी भिंतीला टेकवली. यांची भूक वाढली होती. धरणावर जायचं त्या दिवशी कुठनं बघायचं, ते दगडसुद्धा मी मनात ठरवून ठेवले होते.

वैशाखात सोलापूरला आठ दिवस राहायची वेळ आली. गोळ्या बदलून बघायच्या होत्या. निघायच्या सकाळी मी घर आवरत होते. आमच्याकडं धान्याच्या कोठीचं तोंड शेणामातीनं लिंपल्याशिवाय बाई गाव सोडत नाही. किडा-मुंगी, उंदीर, काही आत जाऊ नये. आईनं शिकवलं, सासूनं तपासून घेतलं, हाताला सवयच ती. कोठी लिंपली, लोणच्याची बरणी बांधली आणि अंगणात नजर गेली. दोन्ही होड्यांच्या मागच्या टोकाला आतलं पाणी काढायचं एकेक भोक उघडं. म्हटलं, आठ दिवसांत इथं विंचवाचं बिऱ्हाड होईल. बुचं यांच्या हत्याराच्या डब्यात होती. मी ती काढली आणि फडकं धरून गच्च पिळून बसवली. वरची, हात घालायच्या भोकांची बारकी झाकणंही दाबून लावली. यांना सांगायचं डोक्यातच आलं न्हाय. कोठी लिंपली हे कुणी नवऱ्याला सांगतं का?

आठ दिवस वैशाखाचं ऊन. आत कोंडलेली हवा तापली, फुगली, तिला जायला वाट न्हाय. परत आलो तर एक होडी कडेच्या शिवणीवर वीतभर नव्हे, हातभर उकलली होती. वाळलेली तुरीची शेंग तडकते तशी.

हे खाली बसले. चिरेवरनं हात फिरवला. मग मागं सरकून बूच चाचपलं. ते गच्च बसलेलं होतं.

"उन्हात बुचं उघडी ठेवायची," ते म्हणाले, "हे तर रंगरुटाला पहिल्या दिवशी सांगतेत. म्या कधी लावली?" माझ्याकडं वळून म्हणाले, "तुला आठवतंय का, मला लावताना बघितलं व्हतंस?"

मी म्हटलं, "न्हाय."

तेवढंच मी बोलले. खोटं नव्हतं, आणि त्याच्याइतकं खोटं मी जन्मात बोलले नाही.

वाटलं, यांचा राग शांत होऊ दे, उद्या सांगू. पण राग नव्हताच. दुसऱ्या दिवशी सकाळी यांनी कपाटाची किल्ली, गाडीची किल्ली, गोळ्यांची चिठ्ठी, सगळं आणून माझ्यापुढं ठेवलं. "हे तुझ्याकडं ठेव. डॉक्टर बोलला व्हता ते सुरू झालं." मग मला सांगायची लाजच वाटू लागली. आज सांगू, उद्या सांगू करत दिवस गेले. हे गॅस बंद केला का म्हणून मला चारदा विचारायचे. चावडीवर जायचं बंद केलं. कुणाचं नाव पटकन आठवलं न्हाय की माझ्याकडं बघायचे. नाव कुणालाही आठवत नाही हो पटकन! पण हे बघायचे.

टाकीवाला येऊन बघून गेला. म्हणाला, "पंधरा दिवसांचं काम हाय, करून देतो." यांनीच नको म्हटलं. "बुचं इसरणारा माणूस पाण्यात न्यायचा नसतो. मी मरंन त्याचं काय न्हाय, काढायला येणारा मरंल."

आखाडात वारा सुटला. पत्रे वाजत होते. धरणात पाणी होतं, तेवढं पुरलं असतं. हे पडवीत बसून त्या वाऱ्याकडं तोंड करून होते आणि मी दुधात भाकरी कुस्करून भरवत होते, कारण आता चमचा तोंडापर्यंत जात नव्हता. मला सहन झालं न्हाय.

"बुचं म्या लावली व्हती," मी म्हटलं. "तुम्ही न्हाय. कोठी लिंपली तशीच लावली, विंचू जाईल म्हणून. तुमचं डोकं धड हाय. कायबी झालेलं न्हाय तुम्हाला."

यांनी माझ्याकडं बघितलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा हसले.

"तुला काय ठावं बुचाचं?"

"तुमच्या हत्याराच्या डब्यात व्हती. फडकं धरून पिळली म्या."

"डबा तर सगळ्या घराला ठावा हाय."

"आई तुळजाभवानीची आण!" मी ओरडलेच. रडू फुटलं होतं. "म्याच लावली! भ्याले म्हणून बोलले न्हाय."

"खोटी आण घेऊ नको गं माझ्यापायी," हे म्हणाले. थरथरणारा हात कसाबसा उचलून माझ्या डोक्यावर ठेवला. "किती जपतीस मला."