करंगळीचं लातूर

चेतापेशीवर इतका जीव असलेला माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा नसेल, आणि तो आमच्याच नात्यात आहे. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी. लातुरात जीवशास्त्र शिकवतात.

क्रमाने सांगते. उपटलेली तूर दिसली की दाजी ती हातात घेऊन सुरू होणार, "बघा, चेतापेशी! ह्या फांद्या वृक्षिका, निरोप घेणाऱ्या. हे लांब खोड म्हणजे अक्षतंतू, निरोप पुढं नेणारा." त्या तंतूवरचं आवरण कसं असतं हे दाखवायला त्यांनी इस्त्रीची चांगली वायर सोलली. माझ्या लेकीच्या लग्नात फोटोग्राफर सगळ्यांना जवळ सरकवत होता, तर दाजी ओरडले, "चिकटायचं न्हाई! दोन चेतापेशींच्या मधी फट असती. फटीतूनच निरोप जातो!" त्या फोटोत आम्ही सगळे नुकतंच भांडण झाल्यासारखे उभे आहोत.

गेल्या उन्हाळ्यात कूलरमध्ये वाळा भरताना पत्र्यानं त्यांचं उजवं मनगट कापलं. आतली चेता तुटली. डॉक्टरांनी ती जोडली, पण करंगळी बधिर झाली आणि हातात खडू टिकेना. संवेदना परत येईल का, हे डॉक्टरही खात्रीनं सांगेनात. ताई रडत होती आणि दाजींचा मला नांदेडला फोन, "मेहुणीबाई, लई भारी काम झालं! पेशीकाय, म्हंजे पेशीचं मुख्य धड, वर कण्यापाशी सलामत हाय. आता तंतू जुन्या आवरणातून नव्यानं वाढत येणार. प्रात्यक्षिक माझ्याच हातात सुरू हाय!"

मनगट म्हणजे नांदेड आणि करंगळीचं टोक म्हणजे लातूर, असा मार्गही त्यांनी ठरवून टाकला. मग फोनवर फोन. "लोहा सोडलं!" "अहमदपूर आलं बघा!"

"दाजी, बससुद्धा याच्या आधी पोचते."

"बस काय अंगातून उगवून येती का?"

दिवाळीला गेले तर येईल त्याच्या हातात दाजी काडी देत आणि डोळे मिटून म्हणत, "टोचा!" बाकीच्यांनी टोचलं की गप्प. ताईनं टोचलं की लगेच, "लागलं! करंगळी!" मला उलगडा झाला तो ताईच्या बांगड्यांमुळे. त्या वाजायच्या.

स्वयंपाकघरात मी ताईला तसं म्हटलं. "ठाऊक हाय मला," ती हळूच म्हणाली. "त्यांना न्हाई ठाऊक. तू बोलू नकोस."

संक्रांतीला पुन्हा गेले. दाजी खुर्चीत डोळे मिटून पडले होते. ताई भांडी घासताना उठली. बांगड्या वर सारून तिनं पदराखाली दाबून धरल्या, पाय न वाजवता आली आणि त्यांच्या करंगळीच्या टोकावर नुसतं बोट ठेवलं.

"कोण हाय?" दाजी म्हणाले. "बोट लई गार हाय."

सोललेली वायर दाखवायला गल्ली डोक्यावर घेणारा तो माणूस जागचा हलला नाही, की त्यानं डोळे उघडले नाहीत.

"लातूर आलं," ते पुटपुटले.

ताईनं बोट उचललं नाही. मग मीच चेष्टेवर नेलं, "दाजी, मधी फट पाहिजे ना?"

"राहू दे गं," ते म्हणाले. "आज राहू दे."