अक्का सिस्टरांचं माप

औषध पाजलं की अक्का सिस्टर मुलाच्या नाकाखाली तळहात धरून उभ्या राहत. चार्टवर सही नंतर. "कागूद श्वास घेत न्हाय," म्हणायच्या. नव्वदच्या दशकात कोल्हापुरातल्या एका खासगी दवाखान्यात मी नवखी डॉक्टर होते. मुलांच्या वॉर्डात जे खरं शिकले, ते त्यांच्याकडून.

टॉन्सिल काढलेल्या मुलांना दुखू नये म्हणून तिथं कोडीनचं सिरप देत. माप वजनाप्रमाणं, पण कुणी रडून वॉर्ड डोक्यावर घेई, तर कुणी हाका मारूनही डोळे उघडत नसे. कोणाला काय झालं, हे अक्कांना पाठ असे. "औषध एक असंल, प्वारं एक न्हाईत की!" राउंडला त्या मोठ्यानं सांगत. मोठे डॉक्टर हसत.

अक्कांच्याच गावची, कोडोलीची, सहा वर्षांची सुमन टॉन्सिलसाठी आली. आईनं तिला आणली ती अक्कांच्या भरवशावर. तिची थोरली बहीण याच सिरपनं दिवसभर गुंगीत पडली होती, हे अक्का विसरल्या नव्हत्या.

"साहेब, हिला दुसरं कायतरी द्या. एका रक्ताच्या हाईत."

"अक्का, डोस वजनावर ठरतो, आडनावावर नाही."

मी शेजारीच उभी होते. सुमनला तेच सिरप लिहिलं गेलं.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी दुपारी अक्का जेवायला गेल्या आणि तेवढ्यात सुमनचा श्वास थांबला. त्या खरकट्या हातानं धावत आल्या. तोंडाला तोंड लावून श्वास दिला, छाती दाबली. पोर परत आली नाही.

सिस्टरनं माप चुकवलं, असं चौकशीत ठरलं. अक्कांनी आधी सावध केलं होतं का, असं मला विचारलं तेव्हा मी म्हणाले, "नीट आठवत नाही." मला तिथंच पुढं काम करायचं होतं. अक्कांनी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि कुणाकडं न बघता निघून गेल्या.

दहाएक वर्षांनी एका लेखात वाचलं. कोडीनचं शरीरात मॉर्फिन होतं. आईबापांकडून आलेल्या फरकामुळं काही मुलांत ते जवळजवळ होतच नाही, काहींत जीवघेण्या वेगानं होतं. तो लेख घेऊन मी कोडोलीला गेले. अक्का थकल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मला कशाला सांगताय? मला ठावं हुतंच की. तिच्या आईला सांगा. बाजारात दिसले की अजून माझ्या नावानं बोटं मोडती."

"सांगते," मी म्हणाले.

दोन गल्ल्या सोडून सुमनचं घर होतं. ती बाई दारात धान्य निवडत बसलेली गाडीतून दिसली. मी तिला ओळखलंही. गाडी थांबवायला मात्र सांगितलं नाही.