दुसऱ्या चहाच्या बाई

बाईंनी पहिल्या चहाला कुणाकडे मदत मागितल्याचं मला आठवत नाही. नांदेडच्या आमच्या संस्थेत खेड्यांतली पोरंपोरी पोलीस भरतीची तयारी करायची, मुलींसाठी वसतिगृहही होतं. त्यासाठी देणग्या आणायचं काम बाईंचं आणि त्यांच्यामागे पिशवी धरून मी. बाई दुकानात शिरल्या की मालकाच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करायच्या, चहा प्यायच्या आणि उठायच्या. मी बाहेर येऊन चरफडले की म्हणायच्या, "सुषमा, पहिला चहा वळखीचा. समोरचा आपण होऊन दुसरा सांगंल, तवाच कामाचं बोलावं." बाजारात त्यांना 'दुसऱ्या चहाच्या बाई' असंच नाव पडलं होतं.

पोरींची गरिबी मात्र त्या दुसऱ्या चहालाही सांगायच्या नाहीत. वसतिगृहाचा बराचसा खर्च तेव्हा एक कंपनी द्यायची. तिथले साहेब एकदा म्हणाले, एखादी मुलगी कॅमेऱ्यासमोर आपली परिस्थिती सांगताना रडली तर बरं होईल. बाई कप तसाच ठेवून उठल्या. "साहेब, आमच्याकडं पोरी पळायला शिकतात, रडायला न्हाई." मला इतका अभिमान वाटला की काय सांगू! पुढच्या महिन्यात मदत बंद झाली आणि अभिमानाची जागा धास्तीने घेतली. पाडव्यापर्यंत दुसरं कुणी मिळालं नाही तर पोरी परत हिमायतनगरला, नायगावला जाणार होत्या. तिथे काहींच्या घरी स्थळं तयारच होती.

बाईंची सगळी भिस्त लातूरच्या एका डाळमिलवाल्या शेठवर होती. दरवर्षी त्या चाकूरजवळच्या आपल्या भावाच्या शेतात हुरड्याला माणसं बोलवत. भाषण नाही, बॅनर नाही. आगटीभोवती देणारे आणि पोरी एकत्र बसणार. त्या वर्षी शेठना सवड नव्हती, म्हणून बाईंनी हुरडा पुढे ढकलला, एकदा नव्हे, दोनदा. शेतकऱ्याची लेक असून! शेठची गाडी बांधावर आली त्या सकाळी भावाने कणीस हातावर चोळून दाखवलं. दाणा निबर झाला होता.

"अक्का, हुरडा कुणासाठी थांबतो का?" भाऊ म्हणाला. बाईंचा चेहरा पडलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

त्यांना सावरलं ते पोरींनी. एकीने चूल पेटवली, दोघी भाकरी थापायला बसल्या. नायगावची रेखा तर शेठसमोर लसणाचे गड्डे ठेवून म्हणाली, "काका, रिकामं काहून बसलाव? ठेच्याला लसूण लागतो." मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा शेठ मांडी घालून लसूण सोलत होते आणि रेखा त्यांना पोलीस भरतीत गोळा कसा फेकायचा ते समजावत होती. हुरडा खाऊन माणसं तासाभरात उठली असती; भाकरीच्या नादाने ती उन्हं कलेपर्यंत बसली. जेवणं झाली, चहा झाला. बाई भांडी आवरायला लागल्या. अशा फजितीनंतर कोणत्या तोंडाने मागणार?

शेठ चपला घालायला उठले आणि पुन्हा बसले. "बाई, तुमचं नाव ऐकून हाय मी. आता दुसरा चहा होऊन जाऊ द्या."

माझ्या छातीवरचा धोंडाच उतरला. वसतिगृह तरलं. रेखा आज खाकी वर्दीत असते आणि शेठ अजून तिला लसणावरून चिडवतात.

परवा बाई कायमच्या पुण्याला लेकीकडे निघाल्या. आदल्या दिवशी माझ्या घरी आल्या, चहा प्यायल्या, माझ्या सासूबाईंच्या गुडघ्यांची चौकशी केली. त्यांच्यामागे हे सगळं कोण बघणार, हा प्रश्न महिनाभर मला झोपू देत नव्हता आणि त्या तर चकार शब्द काढत नव्हत्या. आता उठतील आणि मला रडू फुटेल, असं वाटत होतं.

बाईंनी रिकामा कप माझ्याकडे सरकवला.

"सुषमा, अजून एक टाक."

मी आधण ठेवलं. रडू काही आलं नाही, हसूच आलं.