रणझुंजारचा रोलर

आमचं मालक प्रभुलिंग. लक्ष्मीपुरीत धान्याचं दुकान हाय त्यांचं. माणूस सरळ, पण डोकं दगडाचं. त्या डोक्यापेक्षा दगडी अशी एकच वस्तू कोल्हापुरात होती, ती म्हणजे त्यांच्या रणझुंजार क्रिकेट क्लबचा रोलर.

एक्क्याण्णव साली लगीन होऊन मी पेठ वडगावाहनं इथं आले. दुसऱ्याच दिवशी सकाळी सहाला नवरा गायब! सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "रोलर ओढाय गेलाय." मला वाटलं, घरच्यांनी धान्याचा व्यापारी सांगून मला रस्त्याच्या कामावरच्या माणसाला दिली का काय!

मग कळलं. मैदानावरचं पिच सपाट राहावं म्हणून तो दगडी रोलर रोज फिरवायचा. दांडीला चार माणसं लागायची. आणि क्लबात रिवाज असा, की नव्या पोरानं आधी वर्षभर रोलर ओढायचा, फिल्डिंग करायची, मगच बॅट हातात. क्लब काढणाऱ्या हंबीररावांनी हे ठरवलेलं. ते गेले, पण आमच्या मालकांनी त्यांचा शब्द ब्रह्मवाक्यागत धरून ठेवलेला.

तवा ते चालून गेलं. सकाळी तीस-तीस पोरं यायची. रविवारी मॅच झाली की सगळी टीम आमच्या सोप्यात चहाला. कप संपायचे, मग वाट्या, मग पाणी प्यायचे पेले. एखादा ओरडायचा, "वहिनी, आज चाळीस मारलं!" मला क्रिकेटातलं ओ का ठो कळत नव्हतं, तरी मी आतनं ओरडायची, "पन्नास का न्हाय मारलंस रे?"

नवं शतक लागलं आणि पोरं गळायला लागली. दहावीला क्लास, बारावीला डबल क्लास. पेठांतली पोरं फुटबॉलवर जीव टाकणारी. कुणी टेनिस बॉलनं गल्लीतच हाफ पिच खेळायचं, कुणी केबलवर मॅच बघूनच गार. आमचं मालक गिऱ्हाइकाला ज्वारी घालता घालता करवादायचे, "आताच्या पोरांत दमच न्हाय!" मलाबी पटायचं. खोटं कशाला बोलू?

दोन हजार चार साली मात्र गळ्याशी आलं. लीगवाल्यांनी नियम काढला. टीम उतरवायची तर अकरा नावं, त्यातली चार एकोणीस वर्षांखालची. यादी डिसेंबरच्या पहिल्या रविवारी द्यायची. न्हाय दिली तर क्लब लीगमधनं बाहेर, आणि मैदानावरची सकाळची वेळ दुसऱ्या कुणाला. आमच्याकडं नावं सात. त्यात सगळ्यात तरणा कोण, तर एकतीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप!

मालकांचं जेवण तुटलं. भाकरी हातात घेऊन बसून राहायचे. मला बघवंना.

एका सकाळी दुधाच्या केंद्रावर ऋतुराज भेटला. आमच्याच गल्लीतला, मिसरूड न फुटलेला. वर्षापूर्वी क्लबात येत होता. मी टोमणा मारला, "काय रे, मैदान सोडलंस व्हय? दम संपला?"

पोरगं तोंडावर बोललं. "काकू, सहा महिनं रोलर ओढला. बॅट किती वेळा मिळाली, विचारा की काकांना. एकदाबी न्हाय. मी क्रिकेट खेळाय गेलतो, बैल व्हायला न्हाय."

दुधाची किटली घेऊन मी घरची वाट धरली. ह्यात त्या पोराचं काय चुकलं, सांगा बघू!

दुपारी मालक जेवायला आले तसं मी बोलून टाकलं, "चूक पोरांची न्हाय. तुमच्या त्या रिवाजाची हाय."

झालं! राग आला की ह्यांच्या तोंडात घरचं कन्नड येतं. "साकु! साकु!" म्हणजे बास कर. "आम्ही न्हाय ओढला व्हय वर्षभर?"

"ओढलात की! आणि वर्षानं बॅट मिळाली तवा काय झालं? तुम्हीच सांगितलंय मला. दांडी ओढून हात आखडलेले, बॅट फिरलीच न्हाय. पहिल्याच चेंडूला आउट! मैदानाकडंच्या चिंचेच्या झाडामागं जाऊन रडलाय तुम्ही. हंबीररावांना शिव्या घातल्यात. ते बरं विसरलात!"

माणूस ताटावरनं उठला. मला लई वाईट वाटलं. लगीन नवीन असताना विश्वासानं सांगितलेली गोष्ट, आणि मी ती अशी फेकून मारली. तवापासनं आमचा अबोला.

दुसऱ्या दिवशी दुकानाबाहेरच्या बाजारभावाच्या फळ्यावर ज्वारी, हरभरा, शेंगदाणे आणि त्याखाली ठळक अक्षरात लिहिलेलं, "उद्यापासनं सकाळी सहा. येईल त्याला आधी बॅटिंग. रोलर प्रभुलिंग ओढणार." सगळी लक्ष्मीपुरी हसली. एक पावणं तर विचारून गेलं, "रोलर काय किलो दिला?"

त्याच्या दुसऱ्या सकाळी मी मागनं गेले. बघते तर चव्वेचाळीस वर्षांचा माणूस एकटाच दांडीला, आणि रोलर जागचा हलंना. दुकानातला हमाल आकाराम धावला. मी पदर खोचला आणि तिसरी जागा धरली. चौघांचं काम तिघांनी केलं. खांदं भरून आलं, पण आम्ही एकमेकांकडं बघून हसलो. अबोला तिथंच सुटला.

त्या दिवशी एकटा ऋतुराज आला. मालकांनी धापा टाकत त्याला अर्धा तास बॉलिंग टाकली. दुसऱ्या दिवशी तो दोन दोस्त घेऊन आला. आठवड्यानं नऊ झाली. आणि गंमत बघा, बॅटिंग झालेलं पोरगं आपणहून दांडीला यायला लागलं. मालक म्हणायचे, "न्हाय, तुम्ही खेळा." ऐकतंय कोण!

डिसेंबरचा पहिला रविवार आला, तवा यादीत सोळा नावं होती. त्यातली नऊ एकोणीस वर्षांखालची. पुढच्या रविवारी पहिली मॅच आम्ही सपाटून हरलो. पण संध्याकाळी सगळी सोप्यात चहाला आली आणि कप कमी पडले. पेले काढायला म्हणून मी आत गेले आणि डोळं पुसलं.

दुसऱ्या दिवशी रोजच्या सवयीनं रोलर ओढाय मैदानावर गेले, तर दांडीला जागाच न्हाय! ऋतुराज म्हणाला, "काकू, सोडा आता." मालक आले आणि माझ्यापुढं बॅट धरली.

"मला? ह्या साडीत?"

"इतकं दिवस ओढलास की. तुझी बॅटिंग राहिलीया."

हळूच टाकला त्यांनी बॉल. मी डोळं मिटून बॅट फिरवली, आणि मागं खाडकन आवाज झाला. स्टंप आडवा! पहिल्याच चेंडूला. मालकांचा चेहरा उतरला. माझा तर त्याहून.

तोवर सगळीकडनं एकच गलका झाला, "नो बॉल! काकू, नो बॉल!"

आयुष्यात कधी नियमाबाहेर न गेलेला माणूस. चालत आला, स्टंप उचलला, नीट रोवला आणि म्हणाला, "व्हय, नो बॉलच होता. परत खेळ."